घनता आणि डेन्सिटी: एकच कल्पना दोन विषयांत ओळखू का येत नाही?

प्रश्न: सेमीची विद्यार्थिनी

मी दहावीत सेमी-इंग्रजी माध्यमात शिकते. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असते, इतिहास आणि भूगोल मराठीतून. गेल्या आठवड्यात भूगोलाच्या वहीत भारत आणि ब्राझील यांच्या लोकसंख्येच्या घनतेची तुलना लिहीत होते (भारतात २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला ३८२ माणसे, ब्राझीलमध्ये जेमतेम बावीस-तेवीस), तेव्हा अचानक लक्षात आले, की विज्ञानात आम्ही जिला ‘डेन्सिटी’ म्हणतो ती हीच घनता. लोखंडाच्या आणि पाण्याच्या डेन्सिटीची गणिते मी कितीतरी सोडवली आहेत, तरी दोन्हीकडे ‘एवढ्या जागेत किती’ असाच प्रश्न असतो, हे मला कधी दिसले नव्हते. आनंद झाला खरा, पण चुटपुटही लागली, कारण असे आणखी किती शब्द माझ्या दोन वह्यांत एकमेकांना न ओळखता पडून असतील कोण जाणे. अशा जोडण्या मुद्दाम शोधाव्यात, की बोर्डाच्या वर्षी प्रत्येक विषय आपापल्या जागी राहू द्यावा?

उत्तर: निवृत्त भूगोल शिक्षक

जोडणी अवश्य शोध, पण ती जिथे तुटते तिथे अधिक वेळ थांब. पाणी चमचाभर घे किंवा विहीरभर, त्याची घनता दर घन सेंटीमीटरला एक ग्रॅमच्या आसपासच येणार. माणसांचे तसे नाही. २०११ च्याच जनगणनेत महाराष्ट्राची घनता ३६५ होती, गडचिरोली जिल्ह्याची अवघी ७४, आणि मुंबईत तो आकडा वीस हजारांच्या आसपास होता. म्हणजे ३६५ ही सरासरी आहे, आणि सरासरीच्या पोटात काय दडले आहे ते पाहायचे तर गणितातले सांख्यिकीचे प्रकरण उघडावे लागते.

वर्गात मी फळ्यावर दोन सारखे चौकोन काढत असे. एकात वीस ठिपके विखरून द्यायचो, दुसऱ्यात तेवढेच ठिपके एका कोपऱ्यात कोंबायचो आणि विचारायचो, की घनता कोणाची जास्त? निम्मा वर्ग दुसऱ्या चौकोनाकडे बोट दाखवी. उत्तर ‘सारखीच’ आहे हे कळल्यावर मुले आपण होऊन वाद घालू लागत आणि तो तास बहुधा पुढच्या सरांच्या तासात शिरत असे.

आणखी एक फरक तुझ्या नजरेतून सुटला आहे. विज्ञानात आपण वस्तुमानाला आकारमानाने भागतो, भूगोलात मात्र लोकसंख्येला क्षेत्रफळाने. त्यामुळे दहा मजली इमारतीतली सगळी माणसे नकाशावर जमिनीच्या एकाच तुकड्यात मोजली जातात. उंची हिशेबात येतच नाही.

उत्तर: मराठी माध्यमातला अभियंता

मी दहावीपर्यंत पूर्ण मराठी माध्यमात शिकलो आणि अकरावी विज्ञानाला इंग्रजीत येऊन पडलो. ‘अ‍ॅक्सिलरेशन’चे स्पेलिंग पाठ करावे लागले, पण अर्थ शोधावा लागला नाही, कारण त्वरणातली त्वरा कानाला ओळखीची होती. तरीही ओळखीचा शब्द दर वेळी मदत करेलच असे नाही. डोक्यावर ओझे घेऊन सपाट फलाटावरून चालणारा हमाल गुरुत्वाकर्षणाविरुद्ध शून्य कार्य करतो, हे मला वर्षभर पटत नव्हते. आमच्याकडे तर घरच्या लग्नालाही कार्य म्हणतात. परीक्षेपुरते सांगायचे तर ज्या विषयाचा पेपर असेल त्याच विषयाची व्याख्या आणि एकक लिही. बाकीची जोडाजोड वहीत ठेव, उत्तरपत्रिकेत नको.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर, ठिपक्यांचा प्रश्न मी घरी आईला विचारला. तिनेही कोपऱ्याकडेच बोट दाखवले. आपणा दोघांचे म्हणणे वाचून मी एक वही केली आहे. त्यात डावीकडे इंग्रजी शब्द, मध्ये मराठी आणि उजवीकडे ‘कुठे जुळत नाही’ असा रकाना आहे. ‘वर्क’समोरचा उजवा रकाना अर्थातच सर्वांत आधी भरला. ‘घन’साठी मात्र अख्खे पान सोडावे लागले, कारण बीजगणितात तो तिसरा घात आहे, भूमितीत सहा चौरसांची आकृती, कवितेत ढग, आणि रानाला घनदाट म्हणताना यांतला एकही नाही.