मदत हवी आहे: अँबॅसिडर मार्क ३, बेल हाउसिंगखालून ऑइल गळतंय, इंजिन उतरवावं का?

जुनी_अँबी (इंदूर)
नमस्कार मंडळी. गाडी १९७७ ची, १४८९ सीसी पेट्रोल. रात्री खाली पुठ्ठा सरकवला की सकाळी इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्याखाली (बेल हाउसिंग, म्हणजे क्लचभोवतीचं घर) तळहाताएवढा डाग दिसतो. शहरात गळती कमी आहे, पण ओंकारेश्वरहून येताना भेरूघाट चढून आलं की चेंबरची (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीची) मागची बाजू पूर्ण भिजलेली असते. चेंबरचं पॅकिंग गेल्याच महिन्यात बदललं, फरक शून्य. ऑइल २०डब्ल्यू-५० मिनरल. मिस्त्री म्हणतात मागचं सील गेलंय, इंजिन उतरवा. सुरुवात कुठून करू?

पाना_बारा
इंजिन उतरवू नका. या इंजिनाला मागे रबरी सील मुळात नाहीच. मागच्या मेन बेअरिंगच्या पलीकडे क्रँकवर (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्यावर) उलट्या आट्यांसारखी खाच कोरलेली असते. क्रँक फिरतो तेव्हा ती ऑइल परत आत ढकलते. आत दाब साठला की मात्र तिचं काही चालत नाही. घाटात लोड वाढतो, पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून गॅस खाली उतरतो, आणि ब्रीदर (आतला गॅस बाहेर सोडणारी नळी) चोंदलेला असला तर तो गॅस ऑइल घेऊन मिळेल त्या फटीतून बाहेर निघतो. तुमचं घाटाचं वर्णन वाचून माझा पहिला संशय ब्रीदरवरच आहे.

डाव्या बाजूला मॅनिफोल्डखाली ब्लॉकवर दोन साइड प्लेटा आहेत. (आपल्याकडे मिस्त्री वरच्या झाकणाला टॅपेट कव्हर म्हणतात, ते वेगळं.) पुढच्या प्लेटवरून ब्रीदरची नळी खाली जाते. ती रात्रभर रॉकेलमध्ये बुडवा, तार फिरवा, हवा मारा आणि तोंडाने फुंकून बघा. फुंकर अडली तर अजून जाळी भरलेली आहे. वरच्या झाकणातून एअर क्लीनरला जाणारा रबरी पाइपही पिचकलेला नाही ना, पाहा. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या पुढे नको.

मग इंजिन रॉकेलने धुवा, कोरडं करा, ब्लॉकच्या बाजूंना आणि चेंबरच्या कडेला टाल्कम पावडर भुरभुरा. पंधरा-वीस किलोमीटर फिरवून वरून खाली तपासा. चालत्या गाडीत वारा ऑइल मागे ढकलतो, म्हणून डाग दिसतो तिथे गळती असेलच असं नाही. पावडरीवरची सर्वांत वरची आणि पुढची ओली जागा म्हणजे उगम.

जुनी_अँबी
ब्रीदरमधून काळा डिंक निघाला. आता पुठ्ठ्यावर डाग निम्म्याने कमी. पावडरीवर मागच्या साइड प्लेटच्या खालच्या कडेपासून ब्लॉकवरून मागे ओघळ दिसतोय. गरम इंजिन आयडलवर असताना ऑइलचं झाकण काढलं तर किंचित वाफ येते, झोत नाही.

कॉर्क_पॅकिंग
झोत नाही म्हणजे रिंगा बऱ्या असाव्यात. तरी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजाच: चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून. एखादं सिलिंडर कमी आलं तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग.

साइड प्लेटसाठी कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड काढलेलं बरं, नुसता हात घालून पॅकिंग सरळ बसत नाही. प्लेट सपाट काचेवर ठेवून बघा. कोणीतरी बोल्ट जास्त आवळल्यामुळे भोकाभोवतीचा पत्रा दबलेला असतो, आणि हेच या गळतीचं नेहमीचं कारण. उलट बाजूने, लाकडी ठोकळ्यावर, हलक्या हातोडीने सपाट करा. ब्लॉकवरचं जुनं कॉर्क खरवडताना भोकात चिंध्या कोंबा, तुकडे आत पडू देऊ नका. नवं कॉर्क पॅकिंग फक्त प्लेटला चिकटवा, रात्रभर दाबून ठेवा. ब्लॉककडच्या बाजूला ग्रीसचा पातळ हात. बोल्टखाली नवा वॉशर. आवळणं फक्त २ फूट-पाउंड, म्हणजे छोट्या पान्यावर दोन बोटांचा जोर. वरच्या झाकणाच्या नटांना ४, चेंबरच्या बोल्टांना ६. कॉर्क बाहेर फुगून आलं की समजा जास्त झालं.

गॅरेज_मागचा
कॉर्कऐवजी सिलिकॉन लावलं तर चालेल ना? पटकन होतं.

कॉर्क_पॅकिंग
नको. आतल्या बाजूला निघालेली सिलिकॉनची वळी सुटून चेंबरमध्ये पडते आणि ऑइल पंपाच्या जाळीवर अडकते. बेअरिंग कोरडं पडलं तर ते काम पॅकिंगपेक्षा कितीतरी महाग.

पाना_बारा
अजून एक. बेल हाउसिंगच्या तळाला भोक असतं, त्यात सैल लटकणारी स्प्लिट पिन हवी. ती हलत राहते म्हणून भोक मोकळं राहतं. पिन नसेल तर चिखलाने भोक बुजतं, ऑइल आत साठून क्लच प्लेटवर जातं आणि क्लच घसरायला लागतो. नवी पिन लावून टोकं थोडीच फाकवा, ती हलली पाहिजे.

प्लेट नीट बसल्यावरही पिनेवरून रात्रीतून दोन-चार थेंब पडले तर ते मागच्या खाचेचे धरा. इंजिन बंद असताना खाच ऑइल ढकलत नाही, म्हणून नाक वर करून चढावर गाडी लावली की थेंब वाढतात. अंगणाला उतार असेल तर गाडी उलटी लावून आठवडाभर पुठ्ठा बघा. तरीही डाग तळहाताएवढाच आला, तर मागच्या मेन बेअरिंगची ढिलाई मोजायची वेळ. तेव्हाच इंजिन उतरवा.

जुनी_अँबी
पिन नाहीच, भोक बुजलेलं आहे. रविवारी मॅनिफोल्ड उतरवतो, प्लेट काचेवर ठेवून इथे फोटो टाकतो.