प्रतिसाद: एवढ्या दुर्मिळ आजारांवर पैसा कशाला?

वर एकांनी लिहिलंय की हजारोंत एखाद्या बाळाला होणाऱ्या आजारांपेक्षा संशोधनाचा पैसा मोठ्या आजारांकडे वळवावा. मला हे अजिबात पटत नाही. एकेक आजार दुर्मिळ असेल हो, पण सगळे मिळून धरले तर ती बाळं थोडीथोडकी नाहीत. जन्मजात हायपोथायरॉइडिझमच घ्या, म्हणजे जन्मापासूनच थायरॉइडचं संप्रेरक कमी पडणं, उपाय काय तर त्याच संप्रेरकाची, थायरॉक्सिनची इवलीशी गोळी, कुस्करून आईच्या दुधात कालवून चमच्याने द्यायची, पहिल्या दोनेक आठवड्यांत सुरू झाली तर मूल इतरांसारखंच वाढतं आणि उशीर झाला तर मेंदूचं नुकसान भरून निघत नाही. बाळ मात्र जन्मतः ठणठणीत दिसतं, म्हणून तर नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन कागदावर वाळवायचे आणि तपासायचे. हे तंत्र संशोधक रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पीकेयू या जन्मजात चयापचयाच्या आजारासाठी आणलं, पुढे टँडम मास स्पेक्ट्रोमेट्री ही रक्तातले घटक वजनावरून ओळखणारी पद्धत आली आणि त्याच ठिपक्यातून कितीतरी आजार एकदम तपासता यायला लागले. हे सगळं संशोधनातूनच आलं ना?

एसएमए या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजाराचंही तेच, मोटर न्यूरॉन म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत, पण नुसिनर्सेन हे औषध लक्षणं दिसायच्या आधीच मिळालेली बरीच बाळं चालायला लागली. आणि हो, चाचणी चुकून पॉझिटिव्ह आली की आईबापांची झोप उडते, ते प्रमाण कमी करायलाही पैसा लागतोच, त्याबद्दल इथे कोणीच बोललं नाही.