नऊ टाक्या, एकच मोठा एअर पंप: सल्ला हवा

गप्पीवाला_फोंडा:
घरात माशांच्या नऊ टाक्या. आठ फूटभर खोल (गप्पी, फायटर), एक गोल्डफिशची दीड फूट खोल. पाच छोटे पंप रात्रंदिवस गुरगुरतात, आई म्हणते पिठाची गिरणी घातली आहेस का. सगळे काढून एकच मोठा घ्यावा म्हणतो. किती लिटरचा घेऊ? बसवू कुठे? आणि वीजबिल कमी होईल का?

जुना_खोड_म्हापसा:
बिलाची आशा सोडा. तुमचे पाच पंप मिळून २५ वॉट खात असतील, मोठा ३५ खाईल, म्हणजे महिन्याला २५ युनिट. फायदा आहे तो आवाजाचा आणि वायरींचा.

हवेवर चालणाऱ्या एका स्पंज फिल्टरला मिनिटाला दोनेक लिटर हवा धरा. नऊ टाक्यांचे १८, गोल्डफिशला जास्तीचा एक बुडबुड्यांचा दगड, झाले २०. पण खोक्यावरचा आकडा पाणी नसतानाचा असतो, म्हणून ४० चा घ्या. एमपीए (दाबाचं माप) पण वाचा: ०.०१ म्हणजे साधारण एक मीटर खोल पाण्याचा दाब.

रॅकभोवती अर्ध्या इंची पीव्हीसी फिरवा आणि दोन्ही टोकं जोडून कडं करा, म्हणजे शेवटच्या टाकीला हवा कमी पडत नाही. प्रत्येक फाट्याला कॉक हवाच. हवा आळशी, जिथे पाणी उथळ तिथेच पळते. गोल्डफिशचा कॉक पूर्ण उघडा ठेवून बाकीचे हळूहळू आवळा. पण सगळे आवळून पंपाचा गळा दाबू नका, डायफ्राम (आतला रबरी पडदा) फाटतो. एक कॉक हवेतच थोडा उघडा सोडा. पितळी घेऊ नका, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत हिरवे पडून अडकतात.

पंप पाण्याच्या पातळीच्या वर, फळीवर. खाली ठेवलात तर वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात. माझा पहिला असाच गेला, भर आषाढात. पावसाळ्यात पाइपात दमटपणाचं पाणीही साठतं, तळाला एक कॉक त्यासाठी.

फायटर_डिचोली:
मी याच्या विरोधात. एक पंप बंद पडला की नऊच्या नऊ टाक्या गेल्या. निदान दोन जुने पंप तयार ठेवा.

जुना_खोड_म्हापसा:
बरोबर बोललात बाब. आणि सुटा डायफ्राम पंपाबरोबरच विकत घ्या, नंतर शोधत फिरावं लागतं.

गप्पीवाला_फोंडा:
पंप देवघराच्या खोलीत ठेवला तर? तिथे रिकामी फळी आहे.

फायटर_डिचोली:
नको. पंप खोलीतलीच हवा ओढतो. चवथीला अगरबत्ती, धूप आणि वर मच्छरची कॉइल, सगळं थेट पाण्यात. बाल्कनीला लागून ठेवा, पावसाची झड लागणार नाही असा. खाली जाड फोम घाला, भिंतीला टेकवू नका.

गप्पीवाला_फोंडा:
इन्व्हर्टर चौकोनी वेव्हचा आहे, चालेल?

जुना_खोड_म्हापसा:
चालेल, पण घुमेल. आईला आधी सांगून ठेवा.