वेंगुर्ल्यात २३ जुन्या रेकॉर्ड निघाल्यात: गठ्ठ्याने विकाव्यात की सुट्या?

पाणंद:
पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत २३ रेकॉर्ड आहेत. १० इंची जड ७८ आरपीएम (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) १२, सात इंची छोट्या ईपी ६ आणि मोठ्या एलपी ५. बहुतेक नाट्यगीतं आणि भावगीतं, थोडी हिंदी सिनेमाची. कव्हरांवर पांढरी बुरशी, दोन एलपी वाकल्यात, ७८ पैकी एकीच्या कडेचा टवका उडालाय. एकीवर 'यंग इंडिया' असं लेबल आहे आणि एकीची मागची बाजू पूर्ण कोरी. घरात प्लेअर नाही. जुन्या वस्तू घेणारा एकजण सगळ्यांचे मिळून ३,००० देतो म्हणतोय. द्याव्यात का? पुसाव्यात कशाने? आणि मुंबई-पुण्याला पाठवायच्या झाल्या तर न फुटता पोचतील अशा बांधायच्या कशा?

लाखबंद:
थांबा, त्याला अजून हो म्हणू नका. २३ मधल्या दोन-तीन तबकड्याच गठ्ठ्याची खरी किंमत ठरवतात आणि घेणाऱ्याची नजर आधी त्यांच्यावरच जाते.

कोरी बाजू असलेली तबकडी वेगळी काढा. ग्रामोफोन कंपनीने भारतात पहिलं ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात केलं. सुरुवातीच्या तबकड्या एकाच बाजूने भरलेल्या असत आणि त्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून येत. कलकत्त्यातला कारखाना १९०८ चा. तेव्हा लेबलावर किंवा मागच्या बाजूला हॅनोव्हरचं नाव, किंवा बसून लेखणीने तबकडीवर लिहिणारा देवदूत दिसतो का ते पाहा. एचएमव्हीच्या कुत्र्याच्या आधी कंपनीचं चिन्ह तो देवदूत होता. मात्र नंतरच्या चाचणी प्रतीही एका बाजूने कोऱ्या असू शकतात, म्हणून लेबल वाचल्याशिवाय खूश होऊ नका. कोणाकडे ऐकायची सोय झाली तर शेवटचे काही सेकंद लक्ष देऊन ऐका. त्या काळात गाणं संपल्यावर गायक-गायिका आपलं नाव पुकारत.

यंग इंडिया लेबलच्या तबकड्यांचा कारखाना मुंबईत वडाळ्याला होता. एचएमव्हीच्या मानाने या तबकड्या कमी दिसतात, त्यामुळे गायक अनोळखी असला तरी हीसुद्धा वेगळी ठेवा.

इथे एक गैरसमज हमखास होतो. बालगंधर्वांचं नाव दिसलं की लोक हजारांत बोलू लागतात. पण त्यांच्या लोकप्रिय पदांच्या तबकड्या पुन्हा पुन्हा छापल्या गेल्या आणि कोकणात घरोघरी होत्या. नाव मोठं म्हणून तबकडी दुर्मीळ ठरत नाही. एखाद्या विस्मृतीत गेलेल्या गायिकेची, फार न खपलेली प्रत संग्राहक जास्त शोधतात.

खाडीकाठ:
सर्जिकल स्पिरिटने पुसा, बुरशी लगेच जाते.

सुई_आणि_चर:
खाडीकाठ, ७८ वर स्पिरिट अजिबात नको! त्या तबकड्या लाखेच्या असतात, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फर्निचरचं पॉलिश याच दोन वस्तूंचं होतं. एकदा पुसलं की चरांची (सुई फिरते त्या खाचांची) धार जाते आणि तबकडी कायमची मंद होते.

ताई किंवा दादा, आधी दोन ढीग करा. हातात घ्या: ७८ जड आणि ताठ, जरासुद्धा लवत नाही, साधारण २०० ग्रॅम. व्हिनाइल, म्हणजे एलपी-ईपीचं प्लास्टिक, हलकं आणि लवचीक. लेबलावरचा वेग पाहून खात्री करा.

७८ साठी: २०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचे २ थेंब. मऊ मायक्रोफायबर ओला करून घट्ट पिळायचा, चरांच्या दिशेने गोल फिरवायचा, मग नुसत्या पाण्याच्या कापडाने आणि लगेच कोरड्याने पुसायचं. बुडवून ठेवायचं नाही. काही कोलंबिया तबकड्यांच्या पोटात कागदाचा थर असतो. तड्यातून पाणी आत शिरलं की तो फुगतो आणि वरचा थर सुटतो. लेबल कोरडंच राहू द्या.

एलपी-ईपीसाठी डिस्टिल्ड वॉटर ३ भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोल १ भाग, लिक्विडचा १ थेंब. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार चरांत बसतात आणि सुईखाली कुरकुरतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी चालतं.

बुरशी अंगणात, नाकाला फडकं बांधून झटका, घरात नको. आतले जुने पातळ कागद टाकून नवे घाला, पण कंपनीचं छापील पाकीट आणि कव्हर टाकू नका, त्यालाही पैसे मिळतात. कव्हर ओल्या कापडाने पुसू नका, रंग सुटतो. सावलीत पंख्याखाली दोन दिवस ठेवून मऊ ब्रश फिरवा. उन्हात काहीच वाळवायचं नाही. व्हिनाइल ६०-७० अंशांना मऊ पडतं आणि बंद गाडीत तर त्याच्याही आधी वाकायला लागतं. वाकलेल्या दोन एलपी गरम करून सरळ करू नका. 'वाकलेली' असं लिहून विका.

पाणंद:
आभार. कोऱ्या बाजूच्या तबकडीवर हॅनोव्हर लिहिलेलं आहे! आता प्लेअर नसताना दर्जा कसा सांगायचा? आणि भाव कुठे बघायचा?

लाखबंद:
हॅनोव्हर असेल तर ती शंभर वर्षांच्या पलीकडची. म्हणून एक सांगून ठेवतो: १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या निर्यातीवर बंधन आहे. परदेशातलं गिऱ्हाईक आलं तर पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय पाठवू नका. देशातच विका. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० पासून आहे, अशा तबकडीबद्दल आधी त्यांना दाखवणं उत्तम.

दर्जा पाहून देता येतो, फक्त 'वाजवून पाहिलेली नाही' हे पहिल्या ओळीत लिहा. टेबललॅम्पखाली तबकडी तिरकी धरा. ओरखड्यावर नख अलगद फिरवा. नख अडकलं तर तो ऐकू येणार. ७८ चे चर काळेभोर चमकतायत की करडे झालेत? करडे म्हणजे पोलादी सुईने झिजलेले, आणि ती खरखर कशानेही जात नाही. मधल्या भोकाभोवती पांढऱ्या रेघांचं जाळं असेल तर खूप वाजलेली. तडा ओळखायला तबकडी मधल्या भोकात बोट घालून तोला आणि कडेवर नखाने हळूच टिचकी मारा. अखंड तबकडी टणत्कार करते, तडा गेलेली बद्द वाजते. तडा असला की दर फेरीला टक् येतो, म्हणजे मिनिटाला ७८ वेळा. टवका चरांपर्यंत पोचला नसेल तर तसं स्पष्ट लिहा, फरक पडतो.

कोणाकडे प्लेअर मिळाला तरी एलपीच्या सुईवर ७८ लावू नका. ७८ ला सुमारे ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते, एलपीची ०.७ मिलच्या आसपास असते. बारीक सुई रुंद चराच्या तळाशी घसरत राहते, नुसता कचरा वाजतो. आणि चावीच्या ग्रामोफोनवर एलपी ठेवली तर एका फेऱ्यात तिचं वाटोळं.

भावासाठी लेबलावरचा कॅटलॉग क्रमांक आणि लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, दोन्ही टिपून घ्या. डिस्कॉग्स या रेकॉर्डच्या संकेतस्थळावर किंवा ईबेवर विकल्या गेलेल्या प्रतींचा भाव पाहा. लोक मागतात ते आकडे निरर्थक आहेत. आणि भाव आपल्याच दर्जाच्या प्रतीचा धरा, कारण झिजलेल्या प्रतीला स्वच्छ प्रतीचा भाव मिळत नाही. मुंबईच्या चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवरचा किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातला व्यापारी त्याहून बराच कमी देईल. ते ठीकच आहे, त्यालाही माल महिनोन्‌महिने सांभाळायचा असतो.

माझं मत: हॅनोव्हरची आणि यंग इंडियाची सुटी. सिनेमाच्या ईपी एकत्र, त्यांचं गिऱ्हाईक वेगळं असतं. उरलेल्या साध्या ७८ आणि एलपी एका गठ्ठ्यात, कारण एकेका साध्या तबकडीला टपालखर्चच किमतीपेक्षा जास्त पडतो. गठ्ठ्यात टवक्याची प्रत लपवू नका, तिचा फोटो सर्वांत आधी लावा.

सुई_आणि_चर:
पैशांबद्दल: क्यूआर पाठवून 'स्कॅन करा, पैसे येतील' म्हणणारा भामटा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

गोणपाट:
बांधणीचं मी लिहितो. आंब्याची पेटी वापरू नका, इथे सगळ्यांना तीच आधी सुचते. पेंढ्यात ओल असते, खिळे वर येतात आणि फळ्यांच्या फटी दाब थेट आत सोडतात.

७८: प्रत्येक कागदी पाकिटात, दोन तबकड्यांमध्ये १० इंचांहून थोडा मोठा कोरुगेटेड पुठ्ठा. सहा-सहाचे दोन गठ्ठे करा, बाहेरून दोन-दोन पुठ्ठे, आणि त्यांच्या आतल्या पन्हळी नळ्या एकमेकींना काटकोनात ठेवा, म्हणजे पुठ्ठा कुठल्याच दिशेने दुमडत नाही. बबल रॅपचे तीन वेढे. मग खोक्यात सर्व बाजूंनी किमान २ इंच चुरगळलेला कागद कच्च भरा. हलवून पाहा. आतून जराही आवाज आला तर पुन्हा भरा, कारण लाखेची तबकडी दाबापेक्षा हिसक्याने जास्त फुटते. खोकं दुसऱ्या खोक्यात. बाराचं वजन बांधणीसकट चार-साडेचार किलो धरा.

एलपी कव्हरातून बाहेर काढा, आतल्या पाकिटासह कव्हराच्या मागे ठेवा. कव्हरात ठेवून पाठवली तर हिसक्यात तबकडीची कड कव्हराची शिवण फाडते.

एसटीच्या पार्सलने जवळच्या माणसाकडे पाठवणार असाल तरच ठीक, तेही खोकं उभं ठेवून. अनोळखी गिऱ्हाइकाला स्पीड पोस्ट, विमा काढून, आणि खोकं बंद करण्याआधी प्रत्येक तबकडीचा व बांधणीचा व्हिडिओ काढून. आणि जून ते सप्टेंबर पाठवू नका. तोवर पेटी जांभ्याच्या भिंतीला टेकवायची नाही, तबकड्या उभ्या ठेवा, आणि सिलिका जेलच्या पुड्या पंधरवड्याने बदला.