गिट आणि मर्क्युरिअलचे रंग एका अर्थाला एकच कसे करायचे? (लाल-हिरवं मला नीट कळत नाही)

अंत्रुजकर:
मी फोंड्याला घरून काम करतो. ऑफिसचा कोड गिटवर, एका जुन्या ग्राहकाचा अजून मर्क्युरिअलवर, आणि महिन्यातून एखाद्या वेळी एसव्हीएन (तिन्ही कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी टूल्स). तिघांच्या रंगांच्या तीन तऱ्हा. त्यात मला लाल-हिरव्यातला फरक कमी कळतो. लहानपणी मे महिन्यात आई मला परसातली भिरंडं (कोकमाची फळं) काढायला पाठवायची आणि मी "एकही पिकलेलं नाही" म्हणून रिकामी पाटी घेऊन परत यायचो. धाकटी बहीण त्याच झाडाखाली उभी राहून दाखवायची: ते बघ, ते बघ, आणि ते बघ. मला तिचं बोट दिसायचं, भिरंड नाही.

टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) तेच होतं. काळ्यावर गिटचा लाल आणि हिरवा, दोन्ही मातकट. डिफमध्ये (ओळींतले फरक दाखवणारी यादी) निभावतं, कारण ओळीच्या आधी वजा-अधिक असतं. स्टेटसमध्ये (बदललेल्या फाइलींची यादी) मात्र गेल्या आठवड्यात फसलो. यादी लांब होती, वरचं शीर्षक स्क्रीनबाहेर गेलेलं, पावसामुळे वीज येत-जात होती, इन्व्हर्टर कोकलत होता. सेटिंगची एक फाइल ॲड झालेली (पुढच्या नोंदीसाठी निवडलेली) नाही असं समजून कमिट मारलं, म्हणजे बदल नोंदवले, आणि पुश करून सर्व्हरवर पाठवले. ती झालेली होती. आत टेस्ट डेटाबेसचा पासवर्ड. तो लगेच बदलला, पण बोलणी खायची ती खाल्लीच.

डोळ्यांचा प्रश्न बाजूला ठेवला तरी मला हे कळत नाही की लाल म्हणजे नक्की काय? गिट डिफमध्ये काढलेली ओळ लाल. गिट स्टेटसमध्ये बदललेली पण स्टेज (म्हणजे ॲड) न केलेली फाइल लाल, अनट्रॅक्ड (गिटने अजून नोंद न घेतलेली) फाइलही लाल. गिट ब्रांचमध्ये रिमोट ब्रांच (सर्व्हरवरची कोडची शाखा) लाल, जिच्यात काहीच वाईट नाही. तिकडे एचजी (मर्क्युरिअलची कमांड) स्टेटसमध्ये बदललेली फाइल निळी, ॲड केलेली हिरवी, अनोळखी फाइल मॅजेंटा. म्हणजे गिटचा रंग सांगतो फाइल कुठे आहे, एचजीचा रंग सांगतो तिचं काय झालंय.

एकेक रंग जुळवत बसू की दुसरा काही मार्ग आहे? (गिटचं कलर.यूआय ऑल्वेज, म्हणजे रंग कायम चालू, करून बघितलं. त्याने काही जुळलं नाही, उलट ग्राहकाला पाठवलेल्या पॅच फाइलमध्ये (पाठवायच्या बदलांची फाइल) काढलेल्या ओळींना "[३१एम" हा रंगाचा कोड चिकटला आणि पॅच लागेना. परत ऑटो केलं.)

डिचोलीकर:
पात्रांव, टूलच्या मागे लागू नका, आधी टर्मिनलचं पॅलेट (रंगांचा तक्ता) बदला. गिट "लाल" म्हणतं तेव्हा ते फक्त ३१ हा आकडा पाठवतं. तो लाल कसा दिसावा हे टर्मिनल ठरवतं. एचजी, कलरडिफ (डिफला रंग देणारं टूल), ग्रेप (शोधायचं टूल), कंपायलर, सगळे हाच आकडा पाठवतात. विंडोजच्या कन्सोलमधला तो काळ्यावर न वाचता येणारा निळा मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये उजळ केला, तोही पॅलेटमध्येच. कुठल्या टूलने काही बदललं नव्हतं.

ओकाबे आणि इतो या दोन जपानी संशोधकांनी रंगदृष्टीदोष असलेल्यांना वेगळे ओळखता येतील असे रंग निवडून ठेवले आहेत. लालच्या जागी २१३, ९४, ० (शेंदरी) आणि हिरव्याच्या जागी ८६, १८०, २३३ (आकाशी) घाला. फायदा असा की एसएसएचने सर्व्हरवर गेलात तरी हेच रंग सोबत येतात. कॉन्फिग फाइल त्या त्या मशीनवर राहते, पॅलेट तुमच्या स्क्रीनवर.

मांडवीपलीकडे:
डिचोलीकर बरोबर सांगतात, पण अर्धंच. काही टर्मिनल ठळक अक्षर आलं की साध्या लालऐवजी पॅलेटमधला "उजळ लाल" घेतात. गिट लॉगमध्ये (जुन्या कमिटची यादी) ब्रांचची नावं ठळक हिरवी नि ठळक लाल असतात. सोलराइज्ड थीमने उजळ रंगांच्या बऱ्याच जागी करडे भरलेत, त्यामुळे माझ्याकडे ब्रांचचं नाव कित्येक दिवस धुरकट दिसत होतं आणि मी चष्म्याचा नंबर तपासून आले! तेव्हा पॅलेटमधल्या सोळाही जागा (आठ साध्या, आठ उजळ) बघा, आठच नव्हे.

आणि पासवर्डचं जे झालं ते रंगाने सुटणार नाही हो दादा. गिट स्टेटस -एस वापरा. दोन रकाने येतात: डावीकडचं अक्षर स्टेज झालेलं, उजवीकडचं न झालेलं. एम (बदललेली फाइल) डावीकडे असेल तर तो कमिटमध्ये जाणार. शीर्षक वर सरकून गेलं तरी बिघडत नाही.

घाटमाथा:
मी तर नो_कलर (टूल्सना रंग बंद करायला सांगणारं व्हेरिएबल) लावून टाकलंय. रंगाशिवाय वीस वर्षं कोड लिहिला.

मांडवीपलीकडे:
गिट तो व्हेरिएबल सगळीकडे पाळतं असं धरून चालू नका. त्याला कलर.यूआय फॉल्स करावं लागेल. आणि वीस वर्षांची सवय त्यांच्या गळ्यात कशाला?

अंत्रुजकर:
देव बरें करूं, दोघांचंही. काल रात्री बसलो. पॅलेट बदललं, उजळ जागांसकट. मग कागदावर तीनच अर्थ लिहिले: काढलेलं शेंदरी, ॲड झालेलं आकाशी, बदललेलं पण अजून कमिटमध्ये न जाणारं पिवळं. त्यामुळे कॉन्फिगला हात लावावा लागला तो थोडाच. गिटमध्ये कलर.स्टेटस.चेंज्ड पिवळा, कलर.ब्रांच.रिमोट सायन. एचजीआरसी या एचजीच्या सेटिंग फाइलच्या कलर विभागात स्टेटस.मॉडिफाइड पिवळा ठळक. एसव्हीएन स्वतः रंग देत नाही, तिथे डिफ कलरडिफमधून काढतो, त्याला पॅलेटच पुरलं. गिटचा कमिट हॅशही (कमिटची ओळखखूण) पिवळाच असतो, पण तो लॉगमध्ये येतो, स्टेटसमध्ये नाही, म्हणून सोडून दिला.

एक गंमत झाली. सहकारीण कॉलवर म्हणाली, "ती लाल ओळ बघा ना," आणि मी क्षणभर स्क्रीनवर लाल शोधत बसलो. आता आम्ही ओळ नंबर बोलतो.

अडलं ते अनट्रॅक्डवर. एचजीसारखा गिटमध्येही मॅजेंटा केला, तर माझ्या डोळ्यांना तो आकाशीच्या फार जवळचा निघाला. मग एचजीची यादी नीट बघितली तेव्हा कळलं की तिथे अनोळखी फाइलखाली आधीपासूनच रेघ असते. मला ती रोज दिसत होती, मी रंगच बघत बसलेलो. गिटला कलर.स्टेटस.अनट्रॅक्ड "मॅजेंटा यूएल" (यूएल म्हणजे खाली रेघ) दिलं, आता दोन्हीकडे रेघ येते.