मदत हवी आहे: मुंबई मॅरेथॉनची पहिली हाफ, गर्दीचं काय करावं?

नमस्कार मंडळी,

मी डोंबिवलीची, वय 46. येत्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनची हाफ, म्हणजे अर्धी मॅरेथॉन, पळणार आहे, पहिल्यांदाच. 21 किलोमीटरची तेवढी धास्ती नाही. जूनपासून आठवड्यातले चार दिवस पळतेय, गेल्या रविवारी 18 झाले, किलोमीटरला साधारण 8 मिनिटं. धास्ती आहे ती गर्दीची.

गेल्या वर्षी एका शहरात 10 किलोमीटर पळाले. मी अगदी मागच्या घोळक्यात होते. सुरुवातीची कमान ओलांडायलाच 11 मिनिटं गेली. उशीर झाला असं वाटून फटीफटीतून वाट काढत सुटले आणि पुढची मुलगी सेल्फीसाठी मध्येच थांबली. तिच्यावर आदळून पडले, गुडघा फुटला. ती बिचारी रडवेली झाली होती. सातव्या किलोमीटरला पाण्याच्या टेबलापाशी पोचले तर वर रिकामे खोके आणि रस्ताभर चुरडलेले कागदी पेले. घशाला कोरड, आणि पायाखाली तो करकर आवाज. अजून डोक्यातून जात नाही.

यंदाही वेळेनुसार मागचाच गट मिळालाय. पुढे घुसायचं नाहीये, नियम नियमच. पण मागून सुरुवात करणाऱ्यांनी सुरुवातीचे दोन-तीन किलोमीटर कसे काढावेत? पाण्याची बाटली सोबत ठेवावी का? आणि पेडर रोडचा चढ अर्ध्याहून जास्त अंतर संपल्यावर येतो, तिथे चाललं तर चालतं ना?

हाफ माहीमहूनच सुटते आणि राहायची सोय तिथेच भावाकडे आहे, त्यामुळे पहाटेच्या लोकलचा प्रश्न नाही. बाबा होते तेव्हा वाटेतल्या वांद्रे-वरळी सी लिंकचं काम चाललेलं रोज संध्याकाळी बघायला जायचे. 2009 मध्ये पूल सुरू झाला, पण तिथे पायी सोडत नाहीत, त्यामुळे त्यांचं त्यावरून चालायचं राहूनच गेलं. तो पूल मला नीट, न घाबरता पळायचाय. म्हणून एवढं विचारतेय.

प्रतिसाद 1

ताई, पहिली गोष्ट म्हणजे ती 11 मिनिटं तुमच्या खात्यात धरत नाहीत. बिबमध्ये, म्हणजे छातीवर लावायच्या नंबरात, चिप असते, तुम्ही सुरुवातीच्या रेषेवरची मॅट ओलांडलीत की तुमचं घड्याळ सुरू. तेव्हा उशीर झाला हा विचारच काढून टाका. मी सहा हाफ पळलोय. पहिले दोन किलोमीटर रस्त्याच्या एका कडेने, ठरलेल्या वेगापेक्षा हळू. डावी-उजवीकडे वाट काढण्यातच दम जातो आणि अंतरही वाढतं. माहीमहून निघाल्यावर सी लिंक येईपर्यंत गर्दी बरीच पांगते.

पुलावर बघे नसतात. अंधार, खाली समुद्र, आणि फक्त बुटांचे आवाज. तिथे बरं वाटतं म्हणून वेग वाढतो, तो आवरा. पेडर रोडला तो वसूल होतो.

पाण्यासाठी पहिल्या टेबलावर झुंबड असते. शेवटच्या टेबलापर्यंत जा. थांबायचं असेल तर आधी हात वर करा, मग कडेला व्हा.

प्रतिसाद 2

बाटली न्याच. दादांचं टेबलाबद्दल बरोबर आहे, पण ज्याला एकदा पाणी मिळालेलं नाही त्याचं मन टेबलावर विसंबत नाही. अर्धा लिटरची, हातात अडकवायची पट्टी असलेली घ्या आणि उरलेल्या रविवारी तीच घेऊन पळा. त्या दिवशी नवं काहीच नको. बूट, मोजे, खाणं, सगळं वापरातलं. मात्र भीतीपोटी ढसाढसा पिऊ नका, त्यानेही अंगातलं मीठ कमी होऊन त्रास होतो. तहान लागेल तसं घोट घोट.

पेडर रोडला बिनधास्त चाला. मी दरवर्षी चालते. तिथल्या सोसायट्यांमधली माणसं सकाळी सकाळी संत्र्याच्या फोडी, मीठ, बिस्किटं घेऊन उभी असतात. एका आजींनी मला थांबवून हातावर मीठ ठेवलं होतं. उतार मात्र जपून, तुमचा गुडघा आधीच दुखावलेला आहे.

मूळ लेखिका

दोघांचेही मनापासून आभार. चिपचं मला खरंच माहीत नव्हतं, मी कमानीवरचं घड्याळ बघून घाबरले होते. बाटली आज आणते, रविवारी 19 किलोमीटर तिच्यासोबत. अजून एक राहिलं: सुरुवातीच्या ठिकाणी बायकांच्या शौचालयाची रांग किती वेळ खाते? भावाकडून किती वाजता निघू?

प्रतिसाद 2

घरूनच जाऊन या, आणि तरीही तुमच्या गटाच्या वेळेआधी तासभर तिथे असा. अर्धा तास रांगेतच जातो. थंडीला जुना टी-शर्ट घाला, निघताना काढून ठेवता येतो.