‘हेडर’ला मराठीत काय म्हणावे : शीर्षक, शीर्षलेख की सरनामा?

लातूरहून, मूळ प्रश्न :
तंत्रनिकेतनातील मुलांसाठी वेब सर्व्हरच्या कार्यात्मक चाचणीवर मराठीतून टिपणे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सर्व्हरच्या प्रतिसादात आधी २०० किंवा ४०४ यांसारखा स्थितिदर्शक आकडा असलेली एक ओळ येते, मग मजकुराविषयी माहिती देणाऱ्या हेडरच्या ओळी, मग एक कोरी ओळ आणि त्यानंतर प्रत्यक्ष मजकूर, हे समजावताना मी हेडरसाठी ‘शीर्षक’ हा शब्द वापरला आणि सरावासाठी ‘प्रतिसादाची शीर्षके बरोबर आहेत का ते तपासा’ असे वाक्य दिले. एका मुलाने ब्राउझरच्या टॅबवरचे पानाचे शीर्षक वाचले आणि ‘बरोबर’ अशी खूण करून वही मिटली. सरावाचे ते पान निकालाचे होते आणि पानाची प्रत ब्राउझरने किती वेळ जपून ठेवावी हे सांगणाऱ्या त्याच्या कॅश-कंट्रोल या हेडरमध्ये मी मुद्दाम ८६४०० सेकंदांची मुदत घालून ठेवली होती, म्हणजे दुरुस्त केलेले गुणसुद्धा पान आधी पाहिलेल्याला दिवसभर जुनेच दिसले असते. चूक मुलाची नाही, माझ्या शब्दाची आहे. ‘शीर्षक’ नको, तर मग काय लिहावे?

परभणीहून :
‘शीर्षलेख’ लिहावे. छापील कागदाच्या माथ्यावर जे असते त्याला आपण शीर्षलेख म्हणतोच, आणि शीर्षकाशी त्याची गल्लतही होत नाही.

लातूरहून :
सर, तीच तर अडचण आहे. छापील कागदावरचा शीर्षलेख वाचणाऱ्याला दिसतो, पण हे हेडर पानावर कुठेच दिसत नाही. ते पाहायला ब्राउझरमधील नेटवर्कचा कप्पा उघडावा लागतो किंवा कर्लसारखे साधन चालवावे लागते. शिवाय एचटीएमएलमध्ये ‘हेड’ आणि ‘हेडर’ नावाचे घटक निराळेच आहेत, आणि ‘शीर्षलेख’ म्हटले की मुले त्या ‘हेडर’ घटकाकडे वळणार.

नांदेडहून :
‘सरनामा’ हा शब्द तुम्हां दोघांनाही कसा आठवला नाही, याचे मला नवल वाटते. माझे आजोबा निजामाच्या अमदानीत उर्दू शाळेत शिकले आणि पाकिटावर लिहिलेल्या नावपत्त्याला ते अखेरपर्यंत सरनामाच म्हणत असत. फारसीत ‘सर’ म्हणजे डोके आणि ‘नामा’ म्हणजे लिखाण, तेव्हा ‘हेडर’चा याहून नेमका जुळा सापडणे कठीण आहे. लखोटा फोडण्याआधी टपालवाला जे वाचतो ते सरनाम्यात आणि घरचा माणूस जे वाचतो ते आतल्या पत्रात, ही विभागणी सर्व्हरच्या प्रतिसादाला जशीच्या तशी लागू पडते.

अंबाजोगाईहून :
आद्यकवी मुकुंदराजांच्या गावात राहून मला हे वाचावे लागत आहे, याचा खेद वाटतो. १७ सप्टेंबर १९४८ रोजी आपण निजामाच्या राजवटीतून सुटलो, तर मग त्या दरबारची भाषा संगणकाच्या आडून परत कशाला आणायची? ‘सरनामा’ म्हटल्यावर आजच्या मुलाला संविधानाचा सरनामा आठवेल, टपाल नव्हे. ‘शीर्षनोंद’ असा सरळ शब्द घडवावा. त्यात नोंद असल्याचेही कळते आणि अनेकवचनही नीट होते.

नांदेडहून :
ताई, पैठणच्या एकनाथ महाराजांनी आपल्या ‘अर्जदास्त’मध्ये फारसी शब्दांची रेलचेल करून ठेवली आहे, आणि त्यामुळे त्यांची मराठी बाटली असे कोणी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. ‘अर्ज’, ‘तारीख’ आणि ‘शिक्का’ हे शब्द तुमच्याही कचेरीत रोज चालतात. तरीही आपली ‘शीर्षनोंद’ वाईट नाही, एवढे मी कबूल करतो.

जालन्याहून :
मी गेली काही वर्षे हेच चाचण्यांचे काम करतो, म्हणून शब्दापेक्षा वस्तूबद्दल थोडे लिहितो. आमच्या घरी आडतीचा व्यवहार होता. मोंढ्यात पोत्याबरोबर चिठ्ठी असते. तिच्यावर माल कोणता, वजन किती आणि कोणाचा, हे लिहिलेले असते, पण चिठ्ठी वाचून कोणी हिशोबपट्टी करत नाही, पोते काट्यावर चढवावेच लागते. कंटेंट-टाइप म्हणजे माल कोणता आणि कंटेंट-लेंग्थ म्हणजे वजन किती, हे नवख्यांना सांगायला मला हीच उपमा पुरते. आमच्या एका चाचणीत सर्व्हरकडून फक्त ‘मराठी’ एवढाच शब्द मागवला होता. नव्या मुलाने अक्षरे मोजून तीनची अपेक्षा लिहिली, दुसऱ्याने काना आणि वेलांटी वेगळी धरून पाच म्हटले, आणि हेडरमध्ये आले १५, कारण संगणकात अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि कंटेंट-लेंग्थ बाइट मोजते, अक्षरे नव्हे. हाच प्रतिसाद जीझिप करून पाठवला असता, तर आकडा दाबलेल्या मालाचा आला असता. तेव्हा सरनामा म्हणा की चिठ्ठी म्हणा, चाचणी करणाऱ्याला ती वस्तू मजकुरापासून वेगळी आहे आणि मजकुराशी ताडून पाहायची आहे, एवढे त्या शब्दातून कळले पाहिजे.

परभणीहून :
चिठ्ठी एकच असते, हेडर अनेक असतात. मुळात एचटीटीपीच्या, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील संवादाच्या नियमांच्या, २०२२ सालच्या आरएफसी ९११० या मानकात ओळीला ‘फील्ड लाइन’ म्हटले आहे, आणि अशा ओळींचा जो समूह मजकुराच्या आधी येतो तो ‘हेडर सेक्शन’. मजकुरानंतर येणाऱ्या ओळींनाही त्यात जागा आहे आणि त्या समूहाला ‘ट्रेलर सेक्शन’ म्हणतात. या न्यायाने सगळा समूह म्हणजे ‘शीर्षलेख’ आणि त्यातील प्रत्येक ओळ म्हणजे ‘नोंद’ ठरते.

अंबाजोगाईहून :
म्हणजे माझी ‘नोंद’ घेतली आणि तुमचा ‘शीर्षलेख’ ठेवला! मानकात काय लिहिले आहे यापेक्षा माणसे काय बोलतात ते महत्त्वाचे, असे आपणच मागे एकदा म्हणाला होतात.

जालन्याहून :
माणसे ‘हेडर’ बोलतात. आणि मानकाचे म्हणाल, तर वाचक कोणत्या पानावरून आला हे सांगणाऱ्या ‘रेफरर’ या हेडरच्या इंग्रजी नावातच एक अक्षर गळाले आहे. १९९६ सालच्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात ते तसेच छापले गेले आणि पुढे कोणी दुरुस्त केले नाही, कारण दुरुस्त केले असते तर चालू सर्व्हरना ते नाव ओळखता आले नसते.

लातूरहून :
तो हेडर ब्राउझरकडून सर्व्हरकडे जातो. माझा प्रश्न सर्व्हरकडून येणाऱ्या हेडरचा आहे.

जालन्याहून :
मान्य आहे. पण सर्व्हरकडून येणारा ‘रेफरर-पॉलिसी’ हा त्याचाच भाऊबंद आहे आणि त्याचे स्पेलिंग मात्र शुद्ध आहे. चाचणी लिहिताना एकाच्या नावावरून दुसऱ्याचे नाव नक्कल केले, तर ‘हेडर आलाच नाही’ असा निकाल मिळतो आणि दोष सर्व्हरला लागतो. लहान-मोठ्या लिपीचा फरक नावात चालतो, एचटीटीपी २मध्ये तर सगळी नावे लहान लिपीतच येतात, पण गळालेले अक्षर चालत नाही.

नांदेडहून :
एक विचारतो. लातूरचे आणि जालन्याचे दोघेही ‘तो हेडर’ लिहीत आहेत. आमच्याकडे सगळे ‘ते हेडर’ म्हणतात.

अंबाजोगाईहून :
‘ते’च बरोबर, कारण मनात ‘शीर्षक’ असते आणि ते नपुंसकलिंगी आहे.

परभणीहून :
पाहा, म्हणजे ‘शीर्षक’ तुमच्याही मनातून गेलेले नाही. आणि लातूरच्या सरांनी दुसऱ्या पत्रात ‘ते पाहायला’ असेच लिहिले आहे, ‘तो’ वर तर ते नंतर आले.

लातूरहून :
हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. टिपणे सोमवारी छपाईला द्यायची आहेत. तोवर पहिल्या पानावर ‘सरनाम्यातील नोंद, म्हणजे हेडर’ असे एकदा लिहितो आणि पुढे सगळीकडे ‘हेडर’च ठेवतो. सरावाचे वाक्य मात्र बदलले आहे : ‘नेटवर्कच्या कप्प्यात कॅश-कंट्रोल या नोंदीची किंमत नो-स्टोअर (म्हणजे प्रत साठवू नका) आली आहे का ते पाहा.’ आता त्यात ‘आला’ लिहू की ‘आले’, एवढीच अडचण टळली आहे, कारण किंमत स्त्रीलिंगी निघाली.

नांदेडहून :
पुढे सगळीकडे ‘हेडर’च ठेवणार म्हणता, तिथे काय लिहिणार?